दोन विस्तव

महायाजकाच्या अंगणात थंडीची रात्र. चाकर आणि शिपाई कोळशाचा विस्तव करून शेकत होते आणि पेत्र त्यांच्यातच उभा होता. तू येशूचा शिष्य ना, असं तीनदा विचारलं गेलं. तीनदा त्याने हात झटकले.

योहानाच्या शुभवर्तमानात असा विस्तव आणखी एकदाच पेटतो, गालीलच्या सरोवराकाठी, पहाटे. पुनरुत्थित येशूने त्यावर मासे भाजत ठेवले आहेत, भाकरही आहे. या विस्तवासाठीचा ‘अंथ्राकिया’ हा ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच जागी येतो. त्या निखाऱ्यांच्या वासाने पेत्राला काय काय आठवलं असेल! येशू मात्र आधी खाऊ घालतो. मग, माझ्यावर प्रेम आहे का, असं तीनदा विचारतो. तिसऱ्या वेळी पेत्राच्या जिव्हारी लागतं. तरी प्रश्न टळत नाही, आणि दर उत्तरामागोमाग येशू आपली मेंढरं त्याच्या हवाली करतो. क्षमा चुकलेल्याला पुन्हा पंगतीत बसवते, पुन्हा कामाला लावते.

ही पंगत म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय. त्यासाठीच्या ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दाला मराठी बायबलने सुंदर शब्द दिला: मंडळी. चारही शुभवर्तमानांत हा शब्द एकट्या मत्तयात येतो, आणि त्याच्या 18व्या अध्यायात येतो तो भांडणाच्या संदर्भात. भाऊ चुकला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा, मग एक-दोघांना घेऊन, शेवटी मंडळीपुढे. आपण नेमकं उलटं करतो. आधी गावभर बोभाटा, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशीच अबोला.

त्याच अध्यायात पुढे येशूने सांगितलेली कर्जाची गोष्ट आहे. दहा हजार तालांत माफ झालेला चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे दिवसाची मजुरी, तालांत सुमारे 6,000 दिनारांचा. 6 कोटी दिवसांची मजुरी सुटली, त्याला 100 दिवसांची सोडवेना! मला भिडतात ते हे पाहणारे इतर चाकर. भांडण त्यांचं नव्हतं, तरी ते कळवळले. दोघांतलं वैर सगळ्या घराला पोळतं.

लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं हे त्याच्या हिताचं, हे कठोर बोलही याच अध्यायातले. क्षमेच्या नावाखाली दुबळ्याचं तोंड दाबणाऱ्याला इथे आधार नाही. सरोवराकाठी पेत्राची चूकही झाकली गेली नाही. प्रश्न तिन्ही विचारले गेले, पण विस्तवापाशी, पोटात दोन घास गेल्यावर. दुखावणाऱ्याशी बोलायला बसायचं, तर आधी कुणीतरी चूल पेटवावी लागते.