खोक्यात न येणारे इंजिन

बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने दिवसभर घिरट्या घालत असतात. इंदापूरकडच्या उसात काम करणारी माणसे आता त्यांच्या आवाजाने मान वर करत नाहीत. या दोन तालुक्यांतल्या मुलांना विमान रोज दिसते, पण विमान तसेच का असते हे विचारायची संधी त्यांना क्वचित मिळते. ती संधी देणारे एक साधे साधन मला फार मोलाचे वाटते: प्लॅस्टिकच्या तुकड्यांचे, 1:72 मापाचे मॉडेल किट. त्यातही सुरुवातीच्या काळातल्या जेट लढाऊ विमानाचे. त्या काळी जेट विमानाचा साचा ठरून गेलेला नव्हता. अभियंत्यांपुढच्या अडचणी आणि त्यांनी काढलेल्या वाटा विमानाच्या अंगावर उघड दिसत होत्या.

व्हँपायर हे त्याचे उत्तम उदाहरण. डी हॅविलँड कंपनीचे हे विमान 1943 साली पहिल्यांदा उडाले. 1948 साली ते भारतीय हवाई दलात आले आणि आपले पहिले जेट लढाऊ विमान ठरले. पुढे बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टने ते परवान्यावर बांधलेही. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार 11.58 मीटर. मॉडेलमध्ये तो जेमतेम 16 सेंटीमीटर होतो, दोन्ही तळहातांवर सहज मावेल एवढा.

तुकडे जुळवू लागले की प्रश्न आपोआप पडतात. या विमानाला धड एवढे आखूड आणि शेपटी दोन लांब दांड्यांवर का? कारण सुरुवातीची जेट इंजिने अशक्त होती. गरम वायू लांब नळीतून बाहेर काढला तर वाटेतच रेटा कमी होई. म्हणून नळी आखूड ठेवली आणि शेपटी बाजूच्या दांड्यांवर नेली. धड गुबगुबीत का? गॉब्लिन इंजिनाचा कॉम्प्रेसर हवा मध्यातून घेऊन परिघाकडे फेकत असे, त्यामुळे इंजिनाचा घेर मोठा होता. चाकांचे पाय बुटके का? पुढे प्रोपेलरच नाही, मग जमिनीपासून उंच राहायची गरज काय?

पॉलिश पेपर हातात घेतला की आणखी एक गोष्ट कळते. पंखांवर पत्र्याच्या सांध्यांच्या रेषा आहेत, पण वैमानिक बसतो तो पुढचा भाग गुळगुळीत आहे. खऱ्या व्हँपायरचा तो भाग प्लायवूड आणि बाल्साच्या थरांचा होता. जेटयुगाच्या उंबरठ्यावरचे हे यंत्र अर्धे सुतारकाम होते. शेवटी मॉडेल चाकांवर उभे केले की ते शेपटीवर बसते, म्हणून धड चिकटवण्याआधी नाकात शिशाचा तुकडा घालावा लागतो. खऱ्या विमानाच्या पुढच्या भागात वैमानिक आणि चार तोफा असतात, मॉडेलचे नाक मात्र पोकळ. गुरुत्वमध्य म्हणजे काय हे त्या शिशाने जितके नीट कळते तितके फळ्यावरच्या आकृतीने कळत नाही.

पण जिथे शिसे घालतो तिथून थोडे मागे, जिथे इंजिन असायला हवे, तिथेही पोकळीच असते. किट आकार देते, इंजिन देत नाही. आपल्या देशाच्या विमाननिर्मितीचा एक मोठा धडा याच पोकळीत आहे.

जर्मन अभियंता कुर्ट टँक 1956 साली भारतात आले आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये मरुत विमानाची आखणी सुरू झाली. त्याची सुरुवातसुद्धा एका मॉडेलपासूनच झाली. पूर्ण आकाराचे, बिनइंजिनाचे लाकडी ग्लायडर बांधून 1959 साली ते डकोटा विमानाच्या मागे ओढत आकाशात नेले आणि आकार पारखला. 17 जून 1961 रोजी सुरंजन दास यांनी खरे मरुत उडवले. पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात किंवा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ते जवळून पाहता येते. ते निमुळते धड आणि मागे झुकलेले पंख पाहिले की हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखले होते हे पटते.

तो वेग त्याला कधीच गाठता आला नाही. ज्या ऑर्फियस 12 इंजिनावर आखणी बेतली होती त्याचा विकास ब्रिटनमध्ये थांबला. तो पुढे नेण्याचा खर्च उचलायला आपणही तयार झालो नाही. मग आफ्टरबर्नर, म्हणजे रेटा वाढवणारी जोडयंत्रणा, नसलेली, प्रत्येकी सुमारे 2,200 किलो रेट्याची दोन इंजिने बसवावी लागली. इजिप्तमध्ये तयार होत असलेले इंजिन बसवून पाहण्याचा प्रयत्नही मध्येच संपला. तरी 147 मरुत बांधली गेली आणि 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी चोख काम केले. आकार बरोबर होता, माणसे कर्तबगार होती. नव्हते ते इंजिन. आजही आपले तेजस अमेरिकी इंजिनावर उडते.

आकार डोळ्यांनी मोजता येतो. टर्बाइनचे पाते मात्र कितीही निरखले तरी त्यातला मिश्रधातू, तो ओतण्याची रीत, त्याला दिलेली उष्णता हाती लागत नाही. ते ज्ञान वर्षानुवर्षे धातू वितळवून, पाती मोडून आणि पुन्हा करूनच मिळते.

हे बारामती-इंदापूरच्या आवाक्याबाहेरचे आहे असे मला वाटत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या परिसरातल्या मुलांच्या घरातलेच कोणी साखर कारखान्यात असते. तिथे बगॅस जाळून वाफ होते आणि वाफेने टर्बाइन फिरते. जेटमध्ये पात्यांवर वाफेऐवजी इंधन जळून तयार झालेला तप्त वायू येतो. उष्णता कितीतरी अधिक, पण तत्त्व तेच. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे, 2012 पासून तिथे व्हेस्पाही तयार होते. या इटालियन कंपनीचा जुना धंदा विमानांचा. युद्धानंतर तो मार्ग बंद झाला तेव्हा हेलिकॉप्टर घडवलेल्या कोरादिनो दास्कानियो यांनी 1946 ची व्हेस्पा आखली. वेगळ्या सांगाड्याऐवजी भार पेलणारे पत्र्याचे अंग आणि विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले पुढचे चाक. विमान गेले तरी विमानाचे ज्ञान त्यांच्याकडे उरले होते, कारण त्यांना प्रत्येक आकारामागचे कारण ठाऊक होते.

म्हणून शाळांना माझे कळकळीचे सांगणे आहे. आठवी-नववीच्या मुलांना एक जुने जेट बांधायला द्या. घाई करू नका, प्रत्येक तुकड्याला ‘हा असाच का?’ असे विचारू द्या. मग गळीत हंगाम संपून कारखान्यात टर्बाइन उघडले जाईल तेव्हा मुलांना तिथे न्या आणि झिजलेली पाती पाहू द्या. तिथल्या फिटरला बोलू द्या, कारण पाते कुठे आणि का झिजते हे त्याने हाताने अनुभवलेले असते. विमान उडवणारे वैमानिक बारामतीत तयार होतातच. त्यांच्या विमानांची इंजिने घडवणारी माणसेही याच मातीतून यावीत, आणि त्यासाठीचा पहिला तास आपल्याच शाळेत घेता येतो.