कुरकुर ऐकणारी मंडळी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७



पहिल्या मंडळीविषयी बोलताना आपण बहुधा पन्नासाव्या दिवसापाशीच थांबतो. सर्व जण एकचित्त होते, त्यांचे सर्व काही समाईक होते, हे वर्णन आपल्याला पाठ असते. मग आपल्या मंडळीतील रुसवेफुगवे पाहून आपण उसासा टाकतो की, ते दिवस गेले! पण लूकने ते चित्र तेथेच सोडलेले नाही. चार अध्याय पुढे गेल्यावर तो तितक्याच सरळपणे सांगतो की, त्याच मंडळीत कुरकुर सुरू झाली. कारण काय, तर जेवण. रोजच्या वाटणीत काही विधवांच्या वाट्याला काही येत नव्हते.

यरुशलेमेत तेव्हा दोन भाषांचे यहूदी राहत. तेथलेच असलेले लोक अरामी बोलत. त्यांना लूक इब्री म्हणतो. दुसरे पिढ्यान्‌पिढ्या परदेशी राहून आलेले, ग्रीक बोलणारे, ते हेल्लेणी. यांच्यापैकी कित्येक जण उतारवयात पवित्र नगरीत देह ठेवण्यासाठी येत, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. अशी एखादी स्त्री विधवा झाली की जवळ नातलग नाही आणि शेजारणीची भाषाही येत नाही. वाटणी करणाऱ्यांच्या मनात कपट होते असे लूक म्हणत नाही. ज्याची बोली आपल्याला येते त्याचे घर आपल्याला माहीत असते. ज्याची येत नाही त्याचे नाव यादीतून सहज निसटते. बहुधा एवढेच घडले असावे.

हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या मराठी मंडळ्यांत एकाच बाकावर तीन पिढ्या बसतात. आजीला मराठी गायनाशिवाय उपासना झाल्यासारखी वाटत नाही. नातवाला हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कानडी जवळची. अलीकडे पुष्कळ सूचना मोबाईलवरच जातात. ज्या घरी तो नाही, त्या घराला पुरणविधीची बातमी दुसऱ्या दिवशी कळते. मुद्दाम कोणी कोणाला वगळत नाही. वगळलेले मात्र वगळलेलेच राहतात.

आता प्रेषितांनी काय केले ते पाहू.

पहिली गोष्ट, त्यांनी कुरकुरीला बंड मानले नाही. कुरकुरीसाठी लूकने वापरलेला ग्रीक शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात अरण्यातल्या इस्राएल लोकांच्या कुरकुरीसाठी आला आहे, आणि तेथेही विषय अन्नाचाच होता. तेव्हा हे लोकही तसलेच, असे म्हणून त्यांची तोंडे बंद करणे बारा जणांना सोपे होते. तसे त्यांनी केले नाही. कोण बोलले, कोणाच्या घरी बसून बोलले, याची चौकशी झाल्याचे लूक लिहीत नाही. बोलणारा कोण याहून बोलणे खरे की खोटे हे त्यांना महत्त्वाचे वाटले. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट घडते. तक्रार बाजूला राहते आणि तक्रार करणाऱ्याचीच चर्चा होते.

दुसरी गोष्ट, त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले आणि आपल्याकडून काय होत नाही ते उघड सांगितले. पंक्तीची सेवा हलकी म्हणून त्यांनी ती टाकली, असा अर्थ कोणी काढू नये. मूळ ग्रीकमध्ये अन्नवाटपाच्या आणि वचनाच्या कामासाठी एकाच मुळातले शब्द आहेत, आणि त्यांचा अर्थ सेवा. दोन्ही कामे सेवाच होती. ती दोन्ही बारा माणसांकडून नीट होत नव्हती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने हेच सांगितले होते : अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. सर्व किल्ल्या एकाच कमरेला असल्या की कारभार नेटका दिसतो, पण दारे वेळेवर उघडत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. कसली माणसे हवीत आणि किती, हे प्रेषितांनी ठरवले. निवड मात्र लोकांवर सोपवली. लोकांनी निवडलेली नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक! गालीलातही कोणी ग्रीक नाव ठेवत असे हे खरे, तरी सातांपैकी सात हा योगायोग मानणे कठीण आहे. आपण असतो तर समिती नेमली असती. चार आपले, तीन त्यांचे, आणि खजिनदार अर्थातच आपला! यरुशलेमेच्या मंडळीने, ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्याच हाती वाटणी दिली. म्हणजे इब्री विधवांची भाकरही आता त्यांच्याच हातून येणार होती. मग प्रेषितांनी प्रार्थना करून सर्वांदेखत त्यांच्यावर हात ठेवले. नुसते काम दिले नाही, अधिकारही दिला.

या मार्गाला वेळ लागतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा परंपरांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. तिच्यासाठी बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये. बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि स्वतः विश्वास पत्करल्यावरच बाप्तिस्मा घ्यावा असे मानणारे, हे दोघेही त्या चर्चेत होते. एकाने दुसऱ्याला गप्प केले नाही. दोन्ही प्रथांना एकाच मंडळीत जागा मिळाली. पुढे वाद झालेच नाहीत असे नाही. मालमत्तेचे तंटे न्यायालयापर्यंत गेले. ऐक्य एकदा सही करून संपत नाही, ते दर पिढीला पुन्हा करावे लागते, हाच त्यातला धडा.

म्हणून येत्या वार्षिक सभेपूर्वी आपण प्रत्येक मंडळीत काही साधे प्रश्न विचारू. आजारी व वृद्ध सभासदांची यादी अखेरची कधी तपासली? नव्याने गावात आलेल्या कुटुंबाला पंचांपैकी कोणाचे नाव ठाऊक आहे काय? हिशेब वाचून झाल्यावर प्रश्न विचारणाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? तरुण संघाला आपण खुर्च्या मांडायला बोलावतो. ठराव मांडायलाही बोलावतो काय?

मंडळी सोडून गेलेल्यांपैकी पुष्कळ जण भांडून गेलेले नसतात. ते गप्प होऊन गेलेले असतात. जो कुरकुरतो त्याला अजून आपल्याकडून आशा आहे. ती कुरकुर ऐकल्यावर यरुशलेमेत काय झाले, हे लूक लगेच सांगतो : वचनाचा प्रसार झाला, शिष्य वाढले, याजकही विश्वास ठेवू लागले. पंक्तीवर नेमलेला स्तेफन साक्षी झाला, फिलिप्प शोमरोनात सुवार्ता घेऊन गेला. एका घरातले उपाशी पोट सर्वांनी आपले मानले, आणि देवाने त्या मंडळीची दारे जगासाठी उघडली.

हे प्रभो, आमच्यामध्ये ज्यांचा आवाज हळू आहे, त्यांचे ऐकायला आम्हाला कान दे. आणि जे आम्ही घट्ट धरून ठेवले आहे, ते दुसऱ्याच्या हाती विश्वासाने देण्याचे धैर्य दे. आमेन.