«माझा कुत्रा कांहीं करीत नाहीं»

पलूसहून किर्लोस्करवाडी स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटेवर पहाटे फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ बारा-तेरा वर्षांचा आहे. दोहों बाजूंस ऊस आणि द्राक्षांच्या बागा, मधूनच एखादी वस्ती, आणि वाटेवर दूध घालावयास निघालेलीं माणसें. गेल्या हिवाळ्यांत एके दिवशीं या वाटेवर जें घडलें तें दुसऱ्या कोणाच्या हातून घडतें, तर मी केव्हांच एक तिखट लेख लिहून मोकळा झालों असतों. तें माझ्याच हातून घडलें, म्हणून लिहावयास इतके दिवस लागले.

माझ्याबरोबर मोत्या होता. मोत्या हा आमच्या घरचा सहा वर्षांचा कुत्रा. अंगानें थोराड, स्वभावानें गरीब. गांव मागें पडलें कीं त्याची साखळी सोडावयाची, हा आम्हां दोघांचा जुना करार. त्या दिवशीं धुकें दाट होतें. समोरून एक बारा-तेरा वर्षांची मुलगी सायकलला दुधाची किटली अडकवून येत होती. मोत्या तिच्याकडे धांवला. चावावयास नव्हे, खेळावयास, किंवा दुधाच्या वासानें, खरें कारण त्याचें त्यास ठाऊक. मुलगी किंचाळली, सायकल कलंडली, दूध मातींत गेलें. मी वीस-पंचवीस पावलांवरून, मोठ्या आपुलकीच्या स्वरांत, ओरडलों, "भिऊं नकोस गं, तो कांहीं करीत नाहीं!"

तिनें मजकडे पाहिलें. तिच्या गुडघ्यांतून रक्त येत होतें. ‘कांहीं करीत नाहीं’ हें वाक्य ज्या क्षणीं मीं उच्चारिलें, त्या क्षणीं जें कांहीं व्हावयाचें तें सर्व होऊन गेलेलें होतें.

दुधाचे पैसे मीं नेऊन दिले. ते घेतांना तिचा बाप म्हणाला, "राहूं द्या, सर. मुकं जनावर हाय, त्याला काय कळतंय!" त्या भल्या माणसानें उलट माझेंच समाधान केलें, आणि मी अधिकच ओशाळलों, कारण माझ्यावरचा खरा आरोप त्याच्या या सौजन्यांतच होता. मुक्या जनावरास कळत नाहीं हें खरें. मग कळावयास कोणास हवें होतें?

हें वाक्य आपण सारेच कुत्रेवाले किती सहज बोलतों! वरवर पाहतां तें कुत्र्याच्या स्वभावाविषयींचें एक साधें विधान वाटतें. परंतु थोडें उकलून पाहिलें तर तें विधान नसून आज्ञा आहे, असें दिसून येईल. ‘माझा या प्राण्यावर विश्वास आहे, सबब तूंही ठेव,’ हा त्याचा खरा अर्थ. मोत्यावरचा माझा विश्वास सहा वर्षांच्या सहवासानें कमावलेला. त्या मुलीनें तो धुक्यांत, तीन पावलांच्या अंतरावर, पापणी लवण्याच्या आंत कमवावा अशी माझी अपेक्षा! विश्वास ही दुसऱ्यास उसनी देतां येणारी वस्तु नव्हे. माझ्या अंगणांत माझा विश्वास पुरेसा आहे. सार्वजनिक वाटेवर तो केवळ माझ्यापुरता आहे. शिवाय तें वाक्य पुरतें खरेंही नसतें. सहा वर्षें कुत्रा चावला नाहीं, एवढ्यावरून तो पुढें चावणार नाहीं हें सिद्ध होत नाहीं. पहिल्या चाव्याच्या आदल्या दिवशीं प्रत्येक कुत्रा न चावणाराच असतो.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एखाद्या मजुराचा कुत्रा माझ्या अंगावर धांवून आला असता, आणि दुरून तो मजूर ‘कांहीं करीत नाहीं, सर’ असें ओरडला असता, तर माझें तेवढ्यानें समाधान झालें असतें काय? मीं काठी उगारली असती, आणि वर दोन शब्द सुनावलेही असते. हें वाक्य बहुधा वरून खालीं बोललें जातें. उसाच्या हंगामांत आमच्या भागांत बाहेरून तोडीस आलेल्या कुटुंबांच्या कोपी रस्त्याच्या कडेस उभ्या राहतात. त्या कोपींतल्या पोरावर बंगल्यांतला कुत्रा भुंकत धांवला, तर तें पोर कोणाकडे दाद मागणार? मोकळा कुत्रा हा मालकाचा लांबविलेला हात असतो. आणि तो हात ज्याच्यापर्यंत पोंचतो तो माणूस पुष्कळदां बोलूं न शकणारा असतो. म्हणून रस्त्यावर तक्रार ऐकूं येत नाहीं, याचा अर्थ अन्याय नाहीं असा होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, भिणें हा भिणाराचा दोष. दुसऱ्याच्या भित्रेपणाचें भाडें मीं कां भरावें? कुत्रा चावला तर मी गुन्हेगार. पण नुसता धांवला तर अपाय काय झाला? मिल्लचा १८५९ सालचा स्वातंत्र्यावरील निबंध शिकवितांना मी दरवर्षीं विद्यार्थ्यांस सांगतों कीं, दुसऱ्यास अपाय होऊं लागला म्हणजे आपल्या स्वातंत्र्याची हद्द संपली. पण अपाय म्हणजे मांसांत उमटलेली दांतांची खूणच, असें मिल्लनें कोठेंही म्हटलेलें नाहीं. आणि आपल्या देशांत कुत्र्याचें भय हें भित्रेपणाचें लक्षण नसून शहाणपणाचें आहे. पाश्चरनें पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर १८८५ सालीं लस टोंचून दाखविली. आज एवढ्या वर्षांनंतरही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें, या रोगानें जगांत होणाऱ्या मृत्यूंपैकीं सुमारें ३६ टक्के भारतांत होतात. आणि जगांतील एकंदर बळींपैकीं सुमारें ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुलें असतात. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं मरण जवळजवळ अटळ. मोत्यास दरवर्षीं लस टोंचलेली असते. पण तें त्याच्या कपाळावर लिहिलेलें नसतें. ज्या मुलीस दुरून कुत्रा तेवढा दिसतो आणि दाखला दिसत नाहीं, तिनें भ्यावें हेंच योग्य.

भय हा अपाय आहे, हें आपल्या पूर्वजांस चांगलें उमगलेलें होतें. महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या सत्राची कथा आहे. देवशुनी सरमेचा पुत्र यज्ञमंडपांत येतो. त्यानें हविर्द्रव्यास जीभ लावलेली नाहीं, त्याकडे पाहिलेंही नाहीं. तरी राजाचे भाऊ त्यास मारतात. सरमा येऊन जाब विचारते; कोणी उत्तर देत नाहीं. तेव्हां ती शाप देते. तो शाप मरणाचा नाहीं, राज्य बुडण्याचा नाहीं. ज्याची कल्पना नाहीं असें भय तुमच्यावर येईल, एवढाच तो शाप. आणि तेवढ्यानें जनमेजय हवालदिल होऊन त्याच्या निवारणासाठीं पुरोहित शोधीत फिरतो. निरपराध कुत्र्यास मारणें हें पाप आहे, हें या कथेचें एक तात्पर्य झालें, आणि कुत्र्यांच्या कैवाऱ्यांनीं तें अवश्य सांगावें. पण दुसरेंही एक आहे. अकल्पित भय ही सम्राटासही न सोसणारी शिक्षा आहे. ती आम्ही रोज पहाटे फुकट वांटीत असतों, आणि वर हसून म्हणतों, कांहीं करीत नाहीं!

मालकाच्या जबाबदारीविषयीं आपलें धर्मशास्त्र संदिग्ध नाहीं. दाढांच्या किंवा शिंगांच्या प्राण्यापासून माणसास सोडविण्यास समर्थ असूनही जो धनी सोडवीत नाहीं, त्यास याज्ञवल्क्यस्मृतींत दंड सांगितला आहे. आणि संकटांतल्या माणसानें आक्रोश केला असूनही त्यानें दुर्लक्ष केलें असेल, तर तो दंड दुप्पट. हा ‘दुप्पट’ मला फार अर्थपूर्ण वाटतो. प्राण्याच्या कृत्याची शिक्षा एकपट. हांक ऐकूनही न ऐकल्याची शिक्षा तिच्यावर आणखी तितकीच. मुंबईस वरळींतल्या एका इमारतींत २०१८ सालीं घडलेला प्रकार या संदर्भांत आठवतो. उद्वाहकांत एक गृहस्थ आपल्या तान्ह्या मुलासह होते. मूल कुत्र्यास भितें, सबब जरा थांबा, अशी त्यांनीं कुत्रेवाल्या शेजाऱ्यास विनंती केली. ती न मानतां त्यानें कुत्र्यास ओढून आंत घेतलें, आणि पुढें कुत्रा त्या गृहस्थांस चावला. २०२५ सालीं न्यायालयानें मालकास चार महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. कायद्याच्या दृष्टीनें अपराध चाव्याचा असेल. नीतीच्या दृष्टीनें तो चाव्यापूर्वींच, ‘जरा थांबा’ हे शब्द कानांवर पडले आणि पाऊल थांबलें नाहीं, तेथेंच पुरा झालेला होता.

आणि खरें पाहतां कायदाही चाव्याची वाट पाहत नाहीं. १८६० च्या दंडविधानाच्या २८९ व्या कलमांत जो अपराध होता, तोच १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्यायसंहितेच्या २९१ व्या कलमांत आहे. ताब्यांतील प्राण्यापासून माणसाच्या जिवास किंवा शरीरास मोठा धोका संभवत असतां पुरेशी काळजी न घेणें, हाच तेथें गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आतां प्राणिप्रेमी वाचकांचा आक्षेप मला ऐकूं येतो. कुत्रा हा धांवण्यासाठीं जन्मला. त्यास जन्मभर साखळींत ठेवणें हें क्रौर्य नव्हे काय? आहेच. १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यांत अकारण आंखूड किंवा जड साखळीनें प्राणी दीर्घकाळ बांधून ठेवणें हा अपराध आहे. आणि सदा बांधलेल्या कुत्र्यास योग्य व्यायाम न देणें हाही मालकाचा अपराध आहे. तेव्हां कुत्र्यास फिरावयास नेणें ही मालकाची हौस नव्हे, तें त्याचें ऋण आहे. परंतु एकाचें ऋण दुसऱ्याच्या खिशांतून फेडतां येत नाहीं. फिरविण्याचें कर्तव्य कुत्र्याप्रत, आवरण्याचें कर्तव्य वाटसराप्रत. साखळी ही या दोन कर्तव्यांची गांठ होय. तिचें एक टोंक प्राण्याच्या गळ्यांत असतें खरें. पण नीतिदृष्ट्या जें बांधलें जातें तें दुसरें टोंक, मालकाच्या हातांतलें.

दुसरा आक्षेप असा कीं, रस्त्यावर बेवारशी कुत्रे खुशाल फिरतात, मग आमच्याच कुत्र्यानें काय घोडें मारलें? बेवारशी कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचा भार समाजावर व सरकारावर आहे. पण ‘बेवारशी’ या शब्दाचा अर्थच असा कीं तेथें जाब विचारावयास कोणी नाहीं. ज्याला वारस आहे त्याच्या वारसानें बेवारशांचा दाखला द्यावा, म्हणजे आपलें धनीपणच नाकारावें. आणि धनी व निर्धनी कुत्र्यांतला हा भेद पुसला गेला म्हणजे काय होतें, तें मुंबईनें १८३२ सालीं पाहिलें आहे. त्या वेळीं रस्त्यांवरचे मोकाट कुत्रे मारण्याबद्दल शिपायांस दर कुत्र्यामागें आठ आणे मिळत. त्या लोभापायीं लोकांच्या घरचे कुत्रेही मारले जाऊं लागले अशी ओरड झाली, पारशी समाज खवळला, आणि त्या वर्षीं जून महिन्यांत शहरांत दंगा होऊन बाजार बंद पडले. त्यांत सरकारचा दोष मोठा होता, यांत शंका नाहीं. तरीही कुत्रेवाल्यानें त्यांतून एक गोष्ट शिकावी. मालकाचा हात सुटलेला कुत्रा जगास बेवारशीच दिसतो, आणि मालकाच्या गाफीलपणाची किंमत पुष्कळदां कुत्र्यास आपल्या जिवानें भरावी लागते.

येथून जवळच कृष्णाकांठीं औदुंबर आहे. तेथें दत्तदर्शनास जाणारा आमच्याकडील प्रत्येक मनुष्य दत्तगुरूंच्या पायांशीं चार कुत्रे पाहत आलेला आहे. तेव्हां या प्राण्याविषयीं आमच्या मनांत आदर नाहीं असें नव्हे. महाभारत सरमेच्या पुत्रापासून सुरू होतें, आणि अखेरीस युधिष्ठिर मागून आलेल्या कुत्र्यासाठीं स्वर्गाचा रथ नाकारतो. ती कथा आपण प्राणिप्रेमाची म्हणून सांगतों. मला ती आतां जबाबदारीची वाटते. जो आपल्या भरंवशावर चालत आला त्याचा भार टाकावयाचा नाहीं, मग त्यास कांहींही मोल पडो, हें युधिष्ठिराचें म्हणणें. त्यानें स्वर्ग सोडावयाची तयारी दाखविली. आम्हांस हातांत एक साखळी धरवत नाहीं!

असो. मोत्या आणि मी अजून त्याच वाटेनें जातों. आमचा जुना करार मोडला आहे. ऊस तुटून मोकळें झालेलें आमचें एक रान आहे, तेथें नेऊन मी त्यास लांब दोरावर मनसोक्त धांवूं देतों. वाटेवर कोणी येतांना दिसलें कीं साखळी आंखूड करून कडेस उभा राहतों. पहिले कांहीं दिवस मोत्यास हें आवडलें नाहीं. आतां तो माझ्याआधींच कडेस होतो.

ती मुलगी अजून दूध घेऊन जाते. आम्ही दिसलों कीं ती दुरूनच सायकलवरून उतरते, सायकल मध्यें घेऊन पलीकडच्या कडेनें चालते, आणि बरीच पुढें गेल्यावर पुन्हां बसते. तिनें उतरूं नये असें मला फार वाटतें. ‘भिऊं नकोस’ हे शब्द कित्येकदां ओठांवर येतात. पण ते म्हणावयाचा माझा अधिकार त्या धुक्यांतल्या पहाटेसच संपला. मी कांहीं बोलत नाहीं; साखळीचा आणखी एक वेढा हाताभोंवतीं घेतों, आणि ती जाईपर्यंत उभा राहतों.