देणगीच्या पाटीआधीचा कागद

बिल्डर मोठा झाला की गावात त्याच्या पाट्या दिसू लागतात. सभामंडप, शाळेची खोली, रक्तदान शिबिराचा मांडव, मग एखाद्या संस्थेचे अध्यक्षपद आणि जमलेच तर नगरपालिकेचे तिकीट. त्याच्या सार्वजनिक कार्याचा हिशेब आपण या पाट्या मोजून करतो. माझ्या मते हा हिशेब चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. जमिनीच्या धंद्यात समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे जे घडायचे ते देणगीच्या दिवशी नव्हे, साठेखताच्या दिवशी घडून गेलेले असते. शेत बिगरशेती झाले, रस्ता आला, भाव चढला, तर चढलेला भाव कोणाच्या घरी जाणार हे त्या कागदाने ठरवलेले असते. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मुंबईत आजही डौलाने उभा आहे. पण त्याच प्रेमचंदांचा हात असलेल्या बॅकबे भरणीच्या शेअरांचा फुगा १८६५ मध्ये फुटला, तेव्हा बुडालेल्यांची आठवण ठेवणारा मनोरा कोणी बांधला नाही. प्रेमचंद स्वतःही त्यात बुडाले, हे खरे. तरी देणगीचे दातृत्व आणि सट्ट्याचे नुकसान एकाच माणसाच्या नावावर सुखाने नांदू शकतात, एवढे त्यातून दिसते.

चढलेला भाव कोणाकडे जाणार हे कागदच ठरवतो, हे परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातल्या येलदरीला वेगळे सांगावे लागणार नाही. पूर्णा नदीवरचे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. जलाशयात ज्यांची शिवारे गेली त्यांना मोबदला मिळाला तो त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, जमिनीची किंमत ठरवून आणि एकदाच. पाणी मात्र खालच्या सिद्धेश्वर धरणातून परभणी, हिंगोली आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांच्या रानांना दरसाल मिळत राहिले, आणि पायथ्याला वीजघरही झाले. धरण बांधायला नको होते असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. प्रश्न एवढाच की ज्याची जमीन गेली त्याचा नव्या संपत्तीशी संबंध पावतीवर अंगठा उठवला त्या दिवशी संपला. सरकारने केले म्हणून ते सोसले गेले. खासगी विकासक हेच करतो तेव्हा आपण त्याला बाजारभाव म्हणतो.

याला दुसरी रीत असू शकते, हे पुण्याजवळच्या हडपसरमध्ये दिसले. मगरपट्ट्याची सुमारे ४०० एकर जमीन शहराच्या वाढीच्या वाटेत येणार, हे १९८०च्या दशकातच स्पष्ट झाले होते. अशा वेळी काय होते ते ठरलेले आहे. दलाल येतो, अडचणीतला भाऊ आधी विकतो, इसार पावती होते, आणि दोन-चार वर्षांत गाव आपल्याच शिवाराबाहेर फेकले जाते. कृषी पदवीधर सतीश मगर यांनी सुमारे १२० कुटुंबांना तुकड्यातुकड्याने न विकण्यास राजी केले आणि १९९३ मध्ये नगर वसवण्याचा प्रस्ताव सरकारपुढे ठेवला. जमीन एका कंपनीकडे एकत्र आली, ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर, आणि ते बाहेरच्याला विकायचे नाहीत असे बंधन. बांधकाम २००० च्या सुमारास सुरू झाले. यातला कळीचा भाग मला घरांपेक्षा व्यापारी इमारतींत दिसतो. फ्लॅट विकला की पैसा एकदा येतो आणि बहुधा लग्नात, गाडीत आणि बंगल्यात जातो. तिथल्या सायबर सिटीतली कार्यालये भाड्याने देता येतात, आणि भाडे दरमहा येते, पूर्वी उसाचे बिल वर्षाकाठी यायचे तसे. शेतकऱ्यांच्या मुलांनी विटा, वाहतूक, बागकाम अशी कंत्राटे घेतली. पुढे सिंहगड रस्त्यावरची नांदेड सिटीही याच धर्तीवर झाली, आणि २०१९ मध्ये मगर क्रेडाई या विकासकांच्या देशव्यापी संघटनेचे अध्यक्ष झाले. पाट्या मोजणारा या अध्यक्षपदापाशी थांबेल. मी १९९३ च्या प्रस्तावापाशी थांबतो.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. सगळ्यात सोपा असा की पुणे म्हणजे पुणे, येलदरीला आयटी पार्क कोण बांधणार? कोणी नाही, आणि बांधूही नये. पण मुद्दा काचेच्या इमारतींचा नसून भाव चढण्याच्या आधी शेतकऱ्याने संघटित होण्याचा आहे, आणि भाव मराठवाड्यातही चढतो. समृद्धी महामार्गाला जोडणाऱ्या जालना–नांदेड द्रुतगती मार्गाची आखणी परभणी जिल्ह्यातून आहे. तालुक्याच्या गावाबाहेर मुरूम टाकलेले रस्ते, चुन्याने आखलेले प्लॉट आणि 'सुलभ हप्ते' लिहिलेला फ्लेक्स हे दृश्य आता कोणालाच नवे नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: शेतकऱ्यालाच भागीदारी नको असते, त्याला रोख हवी असते. समृद्धीसाठी आधी जमीन एकत्रीकरणाची योजना होती, विकसित भूखंड परत देण्याची. शेतकऱ्यांनी तिला विरोध केला, आणि थेट खरेदीत पाचपटीपर्यंत मोबदला मिळू लागल्यावर खरेदीखते भराभर झाली. यातून शेतकऱ्याला दूरदृष्टी नाही असा निष्कर्ष काढणारे शहरात पुष्कळ भेटतात. मला त्यात शहाणपण दिसते. भूखंड कधी मिळणार, कुठे मिळणार, वीज-पाणी येणार का, हे सांगणारा अधिकारी तीन वर्षांत बदलून जाणार. मग हातातली रोख बरी. पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या विशेष आर्थिक क्षेत्रात १५ टक्के विकसित जमिनीच्या परताव्याचे आश्वासन होते, आणि त्याच परताव्यासाठी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. वाटा कागदावर असून भागत नाही, कंपनीच्या बैठकीत खुर्चीही लागते.

तिसरा आक्षेप मला अर्धाअधिक मान्य आहे. मगरपट्टा जमला कारण बहुतेक कुटुंबे एका भावकीतली होती, घराण्याला राजकारणाची ओळख होती आणि सरकारदरबारी शब्द पोचत होता. ज्याच्या सातबाऱ्यावर नावच नाही, त्या शेतमजुराला शेअर कुठून मिळणार? आणि फाटकाआड वसलेले नगर शहराचे कितपत म्हणायचे, हाही प्रश्न उरतोच. ही उणीव खरी आहे. पण ती अशा विकासकाविरुद्धचा युक्तिवाद ठरत नाही, कराराची व्याप्ती वाढवण्याचा ठरतो. भाड्याच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा ग्रामपंचायतीकडे जाईल असे सुरुवातीलाच लिहून घेता येते. नंतर मागितले तर ती देणगी होते आणि देणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

असा करार करायला वेळ फार थोडा असतो. रस्त्याची आखणी जाहीर होते तेव्हा वळणावरच्या आणि जोडरस्त्यापाशी असलेल्या गटांचे व्यवहार अनेकदा आधीच उरकलेले असतात, कारण नकाशा शेतकऱ्याच्या आधी दुसऱ्या कोणीतरी पाहिलेला असतो. येलदरी-जिंतूर पट्ट्यात एखाद्या विकासकाला खरोखर नागरी काम करायचे असेल, तर त्याने हातचा इसार बाजूला ठेवून तोच नकाशा गावच्या चावडीत, सगळ्या खातेदारांसमोर उघडावा. धंद्याच्या दृष्टीने हे महाग पडेल. मंदिराचा सभामंडप त्याच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, आणि म्हणूनच सभामंडप जास्त दिसतात.