उभे, उजवीकडून शेवटचे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. यंदा आमच्याकडे एक ग्रुप फोटो खाली आला. 1974 साली पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर आमच्या वर्गाने काढलेला. काच तडकलेली, पुठ्ठ्याला वाळवी चाटून गेलेली. माणसे मात्र शाबूत. विद्यापीठाने आपली जुनी छायाचित्रे जपली पाहिजेत, असे मी चारचौघांत नेहमी सांगत असतो. तेव्हा याची एक प्रत तिकडे पाठवावी असा बेत केला आणि मागे लिहायची नावे नातीला सांगू लागलो.

खुर्च्यांवर प्राध्यापक, मागे आम्ही. पन्नास वर्षांपूर्वीची नावे भराभर आठवत गेली. माझा मलाच अभिमान वाटू लागला. तोच तिने कडेला बोट ठेवले.

"आजोबा, हे कोण?"

"ते आमचे मामा. शिपाई होते."

"पण त्यांचं नाव काय?"

मी गप्प झालो. खुर्च्या मांडून झाल्यावर मामा बाजूला होत होते. आम्हीच हाताला धरून त्यांना उभे केले होते. परीक्षेची फी भरायच्या शेवटच्या दिवशी मला पाच रुपये कमी पडले, ते त्यांनी बंडीच्या खिशातून काढून दिले होते. रुपये मी परत केले. नाव मात्र कधी विचारले नाही.

त्या इमारतीचीच गोष्ट पाहा ना! ती बांधली इंग्रज गव्हर्नरांसाठी. 22 जून 1897 च्या रात्री तिथे व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ झाला. तिथून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चाफेकरांनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी 10 मार्चला, त्याच पुण्यात, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. त्या झगमगाटात त्यांची आठवण कुणाला झाली असेल, असे मला वाटत नाही. पुढे 1949 साली विद्यापीठ स्थापन झाले, गव्हर्नरांची ती वास्तू त्याची झाली, आणि 2014 साली विद्यापीठालाच सावित्रीबाईंचे नाव मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या ते नाव सांगणारी माणसे होती, म्हणून ते टिकले.

कॅमेरा चेहरा सांभाळतो. नाव सांभाळायचे काम तो माणसांवर सोडतो. मामांच्या बाबतीत ते काम माझ्याकडे होते, आणि मी ते केले नाही. वर्गातल्या एका मित्राला फोन केला. तो आनंदाने म्हणाला, "अरे, ते मामा ना!" त्यालाही पुढचे काही सांगता येईना.

ती जागा कोरी सोडावी, असे क्षणभर मनात आले. पण कोरी जागा पाहून कुणाला वाटायचे की तिथे कुणी नव्हतेच. म्हणून नातीच्या हातून लिहवून घेतले : 'उभे, उजवीकडून शेवटचे : आमचे मामा, शिपाई. अडल्यानडल्याला धावून येत. नाव विचारायचे आमच्याकडून राहिले. कुणाला ठाऊक असल्यास येथे लिहावे.'

आणि खाली तिने एक ओळ मोकळी सोडली आहे.