निखळलेले चाक



वाटेत बैलगाडीचे चाक निखळले, तर गाडीवान बैल थांबवतो, खाली उतरतो, चाक पुन्हा बसवतो आणि पुढे जातो. परंतु जेथे थांबताच येत नाही अशा वाटेवर चाक गेले, तर काय करावे? ह्याविषयीची एक खरी हकीकत आम्ही आज आपणांपुढे ठेवतो.

सन २०१८ च्या सप्टेंबर महिन्यात, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात, बेव्हर्ली येथील विमानतळावरून १७ वर्षांची एक विद्यार्थिनी एकटीच विमान घेऊन वर गेली. विमानविद्या शिकणाऱ्याच्या आयुष्यात पहिल्या एकट्या उड्डाणाचा दिवस मोठा असतो. तोपर्यंत गुरू शेजारच्या आसनावर बसलेला असतो. त्या दिवशी तो खाली उतरतो. ह्या मुलीचे विमान पायपर वॉरियर जातीचे, लहानसे होते. ते वर चढत असता त्याचे उजवीकडचे चाक निखळून पडले.

त्या जातीच्या विमानाचे पंख खालच्या अंगास असतात आणि मोठी चाके पंखांखाली असतात. आत बसलेल्यास ती दिसत नाहीत. बाहेरच्यांनी पाहिले, म्हणून तिला बिनतारी यंत्रावरून ती वार्ता कळली. आपले उणे आपणांस दिसत नाही, ते शेजाऱ्यास दिसते. तो प्रीतीने सांगावयास आला, तर त्याच्यावर रागावू नये, हा ह्यातील पहिला बोध आहे.

वार्ता कळल्यावर तिने थांबावे कोठे? विमान पुढे धावते तोवरच वारा त्याच्या पंखांस उचलून धरतो. वेग गेला की आधार गेला. म्हणून वैमानिकांस आरंभापासून एक क्रम शिकवतात: आधी विमान सांभाळावे, मग दिशा पाहावी, मग बोलावे. जो भयाने हा क्रम विसरतो, त्याचा नाश चाकावाचून नव्हे, तर भयामुळे होतो.

त्याच वेळी जवळपास एक अनुभवी शिक्षक आपल्या विद्यार्थ्यासह उडत होता. त्याने बिनतारी यंत्रावरून तिला धीर दिला व काय करावे हे तो सांगू लागला. अशा प्रसंगी वेग बेताचा ठेवून हळूच उतरावे लागते. शाबूत चाकावर प्रथम भार द्यावा आणि उणा पंख होईल तितका वेळ उचलून धरावा, अशी ती रीत आहे. मुलगी उतरली. विमान घसरत धावपट्टीबाहेर गेले व मोडले. पण तिला इजा झाली नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. त्या वाणीने चाक परत आणून दिले नाही. चाक गेले ते गेलेच. त्या वाणीने तिला चाकावाचून खाली कसे यावे एवढेच शिकवले.

आमच्या गावोगावच्या मंडळ्यांत कोणाचे पीक बुडते, कोणाचे लेकरू मरते, कोणास भाऊबंद टाकतात. तो आपल्या उपदेशकाकडे येऊन म्हणतो, “मी प्रार्थना केली, मग माझे गेले ते परत का आले नाही?” उपदेशक बंधूंनो, त्यास “तुझा विश्वास कमी पडला” असे कदापि म्हणू नका. आणि “सर्व काही परत मिळेल” असे खोटे वचनही देऊ नका. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात पौलाच्या तारवाची हकीकत वाचा. त्यावर २७६ माणसे होती. देवाने तारू राखले नाही, ते फुटले. पण कोणी पोहून, कोणी फळ्यांवर, कोणी मोडक्या तुकड्यांवर, असे सर्व जण मिलिता बेटाच्या काठास लागले.

कोणी म्हणेल, “सर्वच काठास लागतात काय?” नाही. त्याच पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात पेत्र तुरुंगातून सुटतो, आणि याकोब हेरोदाच्या तरवारीने मारला जातो. दोघेही प्रभूचेच होते. म्हणून आमची आशा चाकावर नाही, तारवावरही नाही, आणि ह्या देहाच्या सुटकेवरही संपत नाही. जो आम्हांशी बोलतो तो मरणापलीकडेही आम्हांस टाकीत नाही, हीच आमची आशा आहे.

तर आपले कर्तव्य काय? सुखाच्या दिवसांत प्रार्थना व शास्त्राभ्यास ह्यांचा क्रम पाडून घ्यावा. कारण संकटाच्या घटकेस नवे शिकावयास अवकाश नसतो, शिकलेलेच हाती येते. संकट आल्यास हातातील जवळचे कर्तव्य सोडू नये: लेकरांस जेवू घालावे, गुरांस पाणी दाखवावे, उपासनेस यावे. आणि शेजाऱ्याचे चाक निखळले, तर ते कोणाच्या दोषाने पडले ह्याची चौकशी त्या घटकेस करू नये. तो सुखरूप खाली येईपर्यंत त्याच्याशी शांतपणे बोलत राहावे.

प्रभू आपणां सर्वांस ऐकणारे कान आणि धीर देणारी वाणी देवो. आमेन.