आम्ही की आपण?

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश अशा भाषा तेथे शिकविल्या जातात. तेथे जर्मन शिकावयास आम्ही गेलो ते, खरे सांगायचे तर, पोटासाठी. भाषा आली की भाषांतराचे काम मिळेल, एखाद्या कंपनीत बरी जागा मिळेल, नशिबात असले तर परदेशी जाता येईल, एवढाच हिशेब होता. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविणाऱ्या घरांत हा हिशेब चुकीचा आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

अडचण आली ती साहित्याच्या तासाला. व्याकरण हवे, संभाषण हवे. पण कथाकवितांशी आपल्याला काय करायचे आहे, असे आम्ही उघडपणे बोलून दाखवीत असू. आणि याच तासाला एका साध्या शब्दाने आम्हांला अडविले.

मराठीप्रमाणेच जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत. जर्मन चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी! या गमतीची हळूहळू सवय होते. परंतु ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन्हींसाठी त्या भाषेत ‘वीर’ हा एकच शब्द आहे. एका उताऱ्यात घरधनी दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला जेवणाची वेळ झाल्याचे सांगतो. एकाने भाषांतर केले, ‘आता आम्ही जेवणार आहोत.’ दुसऱ्याने केले, ‘आता आपण जेवणार आहोत.’ व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. परंतु पहिल्या वाक्यात पाहुणा उपाशी परत जातो, तर दुसऱ्यात त्याच्यासाठी पाट मांडला जातो. कोणते खरे, हे शब्दकोश सांगू शकत नव्हता. त्यासाठी तो घरधनी कसा आहे, त्याने आयुष्यात काय सोसले आहे, हे कथा मागेपुढे वाचूनच समजून घ्यावे लागले. साहित्य कशासाठी, याचे उत्तर आम्हांला त्या दिवशी मिळाले. व्यवहारापुरती भाषा शिकणाऱ्याला समोरचा माणूस गिऱ्हाईक किंवा मालक म्हणूनच भेटतो. साहित्यात मात्र तो आपल्याकडून काहीही न मागता आपले सुखदुःख सांगत असतो.

या निवडीला आपल्या इतिहासातही दाखले आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय 1579 साली गोव्यात आले. त्यांचाही हेतू होताच. ते धर्मप्रसारासाठी आले होते. परंतु शिकता शिकता ते या भाषेच्या इतके आत शिरले की 1616 साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले ते मराठी ओवीत. ज्यांना सांगायचे त्यांच्याच छंदात त्यांनी सांगितले. हेतू घेऊन आलेला माणूस भाषेच्या सहवासात हेतूपेक्षा मोठा होऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. पुढे त्याच गोव्यात 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. राज्यकर्ते तेच आणि धर्मही तोच. पण एकाने दुसऱ्याची भाषा शिरोधार्य मानली, तर दुसऱ्याने स्वतःची भाषा इतरांवर लादली. एकाचे ‘आपण’, तर दुसऱ्याचे ‘आम्ही’!

आणि आपण स्वतः? वसईच्या घरांतून आजी सामवेदी किंवा वाडवळी बोलीत बोलू लागली की, पाहुण्यांसमोर नातवंडांना संकोच वाटतो. परक्या भाषेतील एकेक उच्चार शंभरदा घोटणाऱ्या मुलांना आजीचा शब्द मात्र गावंढळ वाटावा, हे कसले शिक्षण? जो पाव आपण खातो, जी चावी कमरेला लावतो, ज्या पगाराची वाट पाहतो, ते सारे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि इथलेच झाले. शब्द असे सहज नांदतात; अवघडते ते आपल्यालाच.

परकी भाषा शिकताना मोठ्या माणसाला पुन्हा लहान मूल व्हावे लागते. त्याला चुकावे लागते, हसे सोसावे लागते. ही नम्रता परीक्षेनंतर टिकली, तरच ते शिक्षण खरे. नोकरी अवश्य मिळवावी; मात्र जिच्या जिवावर ती मिळाली, त्या भाषेच्या माणसांना निदान एका पुस्तकापुरते तरी घरात घ्यावे, आणि आजीच्या बोलीलाही तोच मान द्यावा. मराठीत ‘आपण’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. स्वतःला आपण, समोरच्या आदरणीय व्यक्तीलाही आपण, आणि दोघे मिळून झालो तरी आपणच! ही देणगी आपल्याला आईच्या मांडीवरच मिळाली. दारात अनोळखी माणूस उभा राहील तेव्हा आपल्या तोंडून यांपैकी कोणता शब्द निघेल, एवढेच ज्याने त्याने स्वतःला विचारून पाहावे.